छोट्या टेबलासाठी गेमिंग केस: लिटर नंतर बघा, आधी टेबल मोजा

गोव्यात ताळगाव, पर्वरी, फोंडा, कुठेही भाड्याची खोली घ्या, टेबल बहुतेक एकाच मापाचं मिळतं. तीन-साडेतीन फूट लांब, दीड ते दोन फूट खोल, आणि त्यावर आधीच मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वह्या, पाण्याची बाटली, चार्जरच्या वायरी. उरलेल्या कोपऱ्यात पीसी बसवायचा. खाली ठेवावा तर फरशीवर केर, पावसाळ्यात ओल, शिवाय पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. मग नवीन माणूस दुकानदाराला विचारतो की सगळ्यात छोटी केस, म्हणजे पीसीचा कॅबिनेट, कुठली, आणि तिथूनच घोळ सुरू होतो, कारण सगळ्यात कमी लिटरची केस टेबलावर सगळ्यात कमी जागा घेईलच असं नाही.

केसचा आकार लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि १००० ने भागायचं, झालं. आता बघा, फ्रॅक्टलची टेरा १०.४ लिटरची आणि एसएसयूपीडीची मेशलिशस साधारण १४.६ लिटरची. आकडे बघून कोणीही म्हणेल टेरा छोटी. पण टेरा बुटकी आणि लांब आहे, टेबलावर ३४३ बाय १५३ मिमी जागा घेते, म्हणजे ५२५ चौरस सेंटिमीटर. मेशलिशस उभी, तिची बैठक २४५ बाय १६६, म्हणजे ४०७ च्या आसपास. उंची ३६० मिमी आहे तिची, पण वरची हवा तशीही रिकामीच असते ना. तेव्हा लिटरचा आकडा सामान वाहून न्यायला उपयोगी, टेबलासाठी बैठकीचं माप बघायचं.

आणि एक, कंपनीचं लिटर आणि तुमचं गणित जुळेलच असं नाही. कूलर मास्टरच्या एनआर२०० चं बाहेरून बाहेर माप ३७६ बाय १८५ बाय २९२ मिमी, गुणून बघा, २०.३ लिटर येतं, कंपनी सांगते १८.२५. पाय आणि बाहेर आलेले भाग त्यांनी धरलेले नसतात. टेबलाला मात्र पाय धरावेच लागतात.

पहिलं काम: टेप घ्या

टेबलाची खोली, म्हणजे तुमच्या पोटापासून भिंतीपर्यंतचं अंतर, हे सगळ्यात महत्त्वाचं माप. लांबी सगळे मोजतात, खोली कोणी मोजत नाही. दीड फुटी टेबल म्हणजे ४५७ मिमी. त्यावर एनआर२०० ठेवली तर ३७६ गेले, मागे एचडीएमआय नाहीतर डिस्प्लेपोर्टची वायर, पॉवरची वायर वळायला ५० ते ६० मिमी पाहिजेच, म्हणजे ४३० च्या घरात, बसते पण जेमतेम. आसूसची एपी२०१ ही मायक्रो-एटीएक्स, म्हणजे मधल्या मापाच्या मदरबोर्डची, केस छान आहे, स्वस्त सामान चालतं तिला, पण ती ४६० मिमी लांब. दीड फुटी टेबलावर वायर लावायच्या आधीच बाहेर डोकावते. लियान ली ए३ ४४३ मिमी, तीही तशीच, मागे वायर वळायला जागाच उरत नाही. दोन फुटी टेबल, ६१० मिमी, असेल तर मात्र या दोन्ही आरामात बसतात आणि तुमचा अर्धा प्रॉब्लेम इथेच संपला.

मोजून झालं की पुठ्ठ्याचं खोकं घ्या, कुठलंही, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं घरात पडलेलं असतंच, ते आवडलेल्या केसच्या मापात कापून चिकटवा आणि टेबलावर ठेवून द्या. त्याच्यासकट एकदोन दिवस अभ्यास करा, गेम खेळा. माउस हाणताना कोपर आपटतं का, मॉनिटरचा स्टँड अडतो का, खिडकीचं दार पूर्ण उघडतं का, हे सगळं फुकटात कळतं. बऱ्याच मॉनिटरच्या स्टँडचे पाय इतके पसरलेले असतात की खरी जागा तेच खातात, मग मॉनिटर भिंतीला लावा नाहीतर क्लॅम्पवाला आर्म घ्या, कधीकधी केस बदलण्यापेक्षा हेच बरं पडतं. फक्त आर्म लावायच्या आधी टेबलाची फळी बघा, पातळ प्लायला क्लॅम्प दाबला की फळी दबते.

डावीकडे ठेवणार की उजवीकडे हेही आत्ताच ठरवा. नेहमीच्या केसची काच समोरून बघितलं की डाव्या बाजूला असते, म्हणजे केस तुमच्या उजव्या हाताला ठेवली तरच आतलं दिसतं. डावीकडे ठेवली तर काच भिंतीला तोंड करून बसणार, आणि त्यातले लाईट बघणार कोण, पाल?

दुसरं: केसच्या आधी ग्राफिक्स कार्ड

हे उलटं वाटेल पण क्रम हाच. केस कार्डाच्या मापाने घ्यायची. तुम्ही व्हॅलोरंट, सीएस आणि रात्री एखादी फुटबॉलची मॅच खेळणार असाल, मॉनिटर फुल एचडी असेल, तर आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० वर्गातलं कार्ड पुरे. ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५०६० ला १४५, आणि दोन फॅनची बरीचशी कार्डं २०० ते २५० मिमी लांब असतात. एवढं कार्ड जवळजवळ कुठल्याही छोट्या केसमध्ये मावतं. तीन फॅनचं तेच कार्ड ३०० च्या आसपास जातं आणि गेममध्ये फरक नावाला. छोट्या केसवाल्याने दोन फॅनचंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत, दुकानदार काहीही सांगो.

कार्डाची तीन मापं बघायची. लांबी सगळे बघतात. जाडी स्लॉटमध्ये मोजतात, एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, तर दोन स्लॉट सुमारे ४० आणि अडीच स्लॉट ५०. तिसरं माप उंची, म्हणजे मदरबोर्डपासून वर कार्ड किती येतं, आणि हेच लोक विसरतात, कारण पॉवरची वायर कार्डाच्या वरच्या कडेला लागते आणि तिला वळायला जागा लागते. कार्ड मावलं, पॅनेल बंद होईना, असं होतं ते ह्याच्यामुळे. नव्या मोठ्या कार्डांच्या १६ पिनी कनेक्टरला तर पहिले ३५ मिमी वायर सरळच ठेवा म्हणतात, लगेच वाकवायची नाही. एनव्हीडियाने २०२४ मध्ये छोट्या केससाठी एक माप जाहीर केलं, लांबी ३०४, उंची वायरीच्या वळणासकट १५१ आणि जाडी ५० मिमी, त्याच्या आत बसणाऱ्या कार्डांना एसएफएफ-रेडी म्हणतात. ४०७० किंवा वरचं कार्ड घेणार असाल तर पेटीवर किंवा वेबसाइटवर हे शब्द शोधा.

तिसरं: बोर्ड आणि पॉवर सप्लाय, म्हणजे खरा खर्च

मदरबोर्डात सगळ्यात छोटा मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. आयटीएक्स दिसायला गोड, पण रॅमचे दोनच स्लॉट, कार्डाचा एकच स्लॉट, मॉडेल कमी आणि तेवढ्याच दर्जाच्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग. वर छोट्या केसला एसएफएक्स पॉवर सप्लाय लागतो, १२५ बाय ६३.५ बाय १०० मिमीचा, तो नेहमीच्या एटीएक्सपेक्षा महाग आणि आपल्याकडे चटकन मिळत नाही. एटीएक्सवाला १५० बाय ८६ आणि खोली १४० च्या पुढे. म्हणजे केस दोन हजार स्वस्त मिळाली म्हणून आयटीएक्स घेतलं आणि बोर्ड अन् सप्लायमध्ये त्याच्या कितीतरी पट गेले, असं होतं. बजेट करताना केस, बोर्ड, सप्लाय ह्या तिघांची बेरीज एकत्र करा, सुटं सुटं बघू नका.

पॉवर किती घ्यायची? रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि ४०६० कार्ड असल्या पीसीला ५५० वॅटचा चांगला सप्लाय भरपूर झाला. ८५० घेऊन काही होत नाही, पैसे जातात आणि वायरींचा गठ्ठा वाढतो. आणि सप्लाय मॉड्युलर घ्या, म्हणजे नको त्या वायरी काढून ठेवता येतात, छोट्या केसमध्ये नको असलेली वायर म्हणजे हवेच्या वाटेतला दगड.

चौथं: केसची जात ओळखा

ढोबळ मानाने चार जाती आहेत. एक, एनआर२०० सारखी, नेहमीच्या केसची रचना पण आखूड. बोर्ड आयटीएक्स, कार्ड ३३० मिमीपर्यंत, प्रोसेसरचा कूलर १५५ मिमीपर्यंत, म्हणजे टॉवर कूलर बसतो, आत हात जातो, पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला हीच जमते. दीड फुटी टेबल असेल तर मी हिच्याच बाजूने. एनआर२००पी नावाची आवृत्ती आहे तिच्यात काचेचं आणि जाळीचं, दोन्ही पॅनेल येतात, त्यातलं जाळीचं लावा आणि काचेचं कपाटावर ठेवून द्या.

दुसरी जात सँडविच, टेरा किंवा लियान लीची ए४-एच२ओ असल्या. बोर्ड एका बाजूला, कार्ड पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला, मध्ये रायझर केबल, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणारी वाकणारी पट्टी. दिसायला सुंदर, पण जागेची वाटणी करावी लागते. टेरामध्ये मधली पट्टी सरकते, कूलरला ४८ ते ७७ मिमी मिळतात, जेवढे कूलरला दिले तेवढे कार्डाचे गेले. रायझरचं एक कायम लक्षात ठेवा, केबल जुनी जेन ३ ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, आणि कार्ड जेन ४ चं असेल तर स्क्रीन काळी राहते नाहीतर गेम मध्येच पडतो, तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पीसीआयई स्लॉट, म्हणजे कार्डाचा स्लॉट, हाताने जेन ३ वर लावायचा. पहिलं बूट शक्यतो प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर करा, ७६०० मध्ये ते असतं, एफ लावलेल्या मॉडेलमध्ये नसतं.

तिसरी उभी, मेशलिशस वगैरे. बैठक सगळ्यात लहान. कार्ड उभं लटकतं त्यामुळे वाकत नाही. अडचण म्हणजे पोर्ट नेहमीच्या जागी नसतात, वायरी खालून किंवा वरून काढाव्या लागतात, आणि पेनड्राइव्ह मागे लावायचा म्हटलं की केस फिरवायला लागते. भारतात स्टॉक येतो जातो, आज दिसली म्हणून पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

चौथी मायक्रो-एटीएक्सची छोटी केस, वर सांगितलेल्या एपी२०१ आणि ए३. तेहतीस आणि सव्वीस लिटर. छोट्या केसचे शौकीन ह्यांना छोटी म्हणतच नाहीत. पण दोन फुटी टेबल आहे, पैसे मोजके आहेत, पहिलाच पीसी आहे, तर ह्यांच्याकडेच जा, एटीएक्स सप्लाय चालतो, स्वस्त बोर्ड चालतो, चार रॅम स्लॉटवाला बोर्ड मिळतो. शोभेपेक्षा हे जास्त उपयोगी.

कूलरबद्दल थोडक्यात. उंची मिमीमध्ये बघा आणि केसच्या मर्यादेपेक्षा दोन-तीन मिमी कमीच घ्या. ७६०० सोबत पेटीत येणारा रेथ स्टेल्थ ५४ मिमीचा आहे, चालतो, आवाज करतो. १२० मिमी फॅनचे टॉवर कूलर बहुतेक १५० ते १६० च्या मध्ये कुठेतरी असतात, म्हणजे एनआर२०० मध्ये काही बसतात काही नाही, नुसतं नाव बघून मागवू नका. पाण्याचा कूलर पहिल्या पीसीला टाळा, नळ्या वळवताना छोट्या केसमध्ये जीव जातो.

पाचवं: गोव्याची हवा

परदेशातले व्हिडिओ बघून केस घेतली की इथे गडबड होते, कारण तिथे खोली २१ डिग्रीची. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीतच ३३-३४ असतं आणि पीसीच्या आतली हवा खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. म्हणून जाळी. समोर, बाजूला, वर, जिथे मिळेल तिथे जाळी, काच नको. सँडविच केसमध्ये कार्ड बाजूच्या जाळीतूनच हवा घेतं, ती बाजू भिंतीला चिकटवली की कार्ड गुदमरलं म्हणून समजा, निदान चार बोटं जागा सोडा.

समुद्राजवळ राहणाऱ्यांना, मिरामार, कळंगूट, कोलवा, वेगळं सांगायला नको, खिडकीच्या ग्रिलला दरवर्षी रंग द्यावा लागतो तीच खारी हवा पीसीतून फिरते. गंज आधी धरतो तो स्क्रूंना, स्लॉटच्या पत्र्यांना आणि जिथे रंग खरवडला गेलाय तिथे. ॲल्युमिनियमच्या पॅनेलवाली केस परवडत असेल तर किनाऱ्याजवळ ती घेण्यात अर्थ आहे, नसेल तर पावडर कोटिंग नीट असलेली पत्र्याची घ्या आणि स्क्रू काढताना घालताना रंग उडवू नका. सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये टाकायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, सगळीकडून उघड्या डब्यात त्या किती ओल ओढणार. पावसाळ्यात उपाय एकच, पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवायचा, आतली ऊब ओल धरू देत नाही. चवथीला गावी जाऊन आठवडाभर बंद राहिला आणि बाहेर धो धो पाऊस असेल तर आल्यावर लगेच बटण दाबू नका, पंख्याखाली थोडा वेळ पॅनेल उघडून ठेवा.

तांबडी धूळ दुसरी गोष्ट. रस्त्याला लागून घर, बाजूला बांधकाम चालू असेल तर फिल्टर आठवड्यात लाल होतो. म्हणून फिल्टर हाताने ओढून काढता येतो का, की त्यासाठी अख्खी केस उघडावी लागते, हे घेताना बघा. सहज निघणारा फिल्टर माणूस धुतो, न निघणारा तसाच राहतो. आणि मुंग्या आणि पाली. पावसात त्यांना उबेची जागा पाहिजे असते, मागचे रिकामे स्लॉट उघडे ठेवू नका, पत्रे लावा.

लाईट जातेच. पहिल्या पावसात तर नक्की. त्यामुळे यूपीएसची जागाही याच हिशोबात धरा, तो टेबलाखाली लाकडी फळीवर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, आपल्या ४०६० वाल्या पीसीला गेम सेव्ह करून बंद करायला पुरतो, मोठं कार्ड असेल तर १००० च्या वरचा घ्या. जुन्या घरात अर्थिंग आहे का हे वायरमनकडून बघून घ्या, केस पत्र्याची असते आणि अर्थिंग नसेल तर हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तीन पिनी प्लगची मोठी पिन कापून दोन पिनी सॉकेटमध्ये घालणारे अजूनही दिसतात, हात जोडतो, करू नका.

सहावं: कुठून आणायची

पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत पीसीचं नेहमीचं सामान मिळतं, पण छोट्या केस आणि एसएफएक्स सप्लाय बहुतेक मागवूनच द्यावे लागतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एसपी रोड इथे माल जास्त, किंवा सरळ ऑनलाइन. माझी पद्धत अशी की प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी जवळच्या दुकानातून, बिघडलं तर दारात जाऊन उभं राहता येतं, आणि केस अन् सप्लाय बाहेरून. केसमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं, फक्त वाटेत चेपते. पेटी उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, कोपरा चेपलेला असेल किंवा काच फुटलेली असेल तर परत करताना तो लागतो. जोडणी दुकानातच करून घेणार असाल तर आधी विचारा की आयटीएक्स जोडलाय का कधी, नसेल तर स्वतः जोडा, तेवढं कठीण नाही.

सातवं: जोडणी, घाई न करता

बोर्ड केसमध्ये घालायच्या आधी बाहेर पेटीवर ठेवूनच प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी आणि कूलर लावून घ्या. काही आयटीएक्स बोर्डांना दुसरा एम.२ स्लॉट पाठीमागे असतो, बोर्ड आत गेला की तिथे हात जात नाही. मग सप्लाय आणि त्याच्या वायरी, मग बोर्ड, मग समोरच्या बटणाच्या त्या बारीक पिना, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. वायफायचा अँटेना मागे लावायला विसरू नका, पत्र्याच्या केसमध्ये त्याच्याशिवाय सिग्नल मरतो आणि लोक राउटरला शिव्या देतात.

चालू झालं की बायोसमध्ये इको मोड, म्हणजे प्रोसेसरला कमी वीज देण्याचं सेटिंग, बघा. ७६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वर चालतो, गेममध्ये फरक कळत नाही, आवाज मात्र कमी होतो, आणि टेबलावरची केस कानापासून हातभर अंतरावर असते तेव्हा आवाजाची किंमत कळते. फॅनचा वेग एकदम वरखाली होत असेल तर फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर फॅन किती जोरात फिरेल ती रेषा, थोडा सपाट करा. एकसारखी घरघर चालते, मध्येच उठणारी शिटी चालत नाही.

फर्मागुढीला शिकायला राहणारा आणि सुट्टीला वाळपई नाहीतर पेडण्याला जाणारा असाल तर पीसी सोबत न्यायचा मोह होणारच, छोटी केस घेतली ती त्यासाठीच. कदंबाच्या बसमध्ये नेताना कार्ड काढून त्याच्या पेटीत घाला, उभ्या नाहीतर सँडविच केसमध्ये रायझरचा स्क्रू घट्ट आहे ना बघा, टॉवर कूलर असेल तर केस अशी आडवी ठेवा की कूलर वर तोंड करून उभा राहील, आणि काचेचं पॅनेल खोलीवरच ठेवून जा. केसची मूळ पेटी आणि थर्माकोल टाकून देऊ नका, घरमालकीण कितीही ओरडली तरी माळ्यावर सरकवून ठेवा.